शिक्षणाधिकाऱ्यांस अनावृत पत्र: भेंडवळची घटमांडणी आणि शाळेची नोंदवही

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद, बुलढाणा यांस



आपल्या कचेरीत रोज जे अर्ज येऊन पडतात, त्यांत बहुधा कोणाची बदली असते, कोणाची थकबाकी असते, कोठे गळक्या छपराचा दाखला तर कोठे रिकाम्या पदाचे गाऱ्हाणे असते. या पत्रात त्यांपैकी काहीही नाही, आणि म्हणूनच ते आवक-जावक बारनिशीत पडून राहण्याचा संभव अधिक असल्याने मी ते उघडपणे, चार लोकांसमक्ष लिहीत आहे. मागणी एवढीच आहे की, अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी भेंडवळ येथे जो घट मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हजारो शेतकऱ्यांसमोर ज्याचे भाकीत सांगितले जाते, त्या समारंभास जिल्ह्यातील इच्छुक शिक्षकांना वही-पेन्सिल घेऊन उपस्थित राहण्याची आपण अनुमती द्यावी, त्या उपस्थितीची गणना त्यांच्या कामात करावी, आणि तेथे ऐकलेले वर्षभर वर्गात वापरण्यास त्यांना मोकळीक असावी.

भेंडवळ हे जळगाव जामोद तालुक्यातील, पूर्णेच्या खोऱ्यातले गाव. तेथील घटमांडणी जिल्ह्यात कोणास समजावून सांगावयास नको, परंतु हे पत्र घाटावरचे आणि जिल्ह्याबाहेरचेही वाचतील म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गावाबाहेरच्या शेतात गोलाकार घट आखून त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्ये मांडतात, त्यांत गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्याबरोबर जवस, करडी, अंबाडी, सरकी, भादली, लाख अशीही नावे आहेत. मधोमध खोलगट जागेत पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, भजी, करंजी यांसारखे पदार्थ व पानविडा ठेवतात. रात्रभर त्या जागेकडे कोणी फिरकत नाही. सूर्योदयाच्या सुमारास वाघ घराण्यातील मंडळी घटाचे निरीक्षण करतात. कोणते ढेकूळ किती भिजले यावरून कोणत्या महिन्यात पाऊस किती, कोणते धान्य जागेवर राहिले आणि कोणते सरकले यावरून कोणते पीक कसे व भावात तेजी की मंदी, हे सांगितले जाते. पुरी ही पृथ्वी, पानविडा हा राजा, भादली ही रोगराई, अशा संकेतांवरून देशाची स्थितीही वर्तविली जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ही प्रथा घातली असे परंपरा सांगते, आणि आजही भाकीत ऐकावयास विदर्भातूनच नव्हे, तर खानदेश-मराठवाड्यातूनही माणसे येतात.

या समारंभास येणाऱ्या सुशिक्षितांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. एक श्रद्धेने येतो, हात जोडून ऐकतो आणि गावी जाऊन सांगतो. दुसरा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या भूमिकेवरून त्याचा धिक्कार करतो, आणि पुष्कळदा तो प्रत्यक्ष तेथे येण्याचे श्रमही घेत नाही. माझे स्वतःचे मत मी लपवून ठेवीत नाही: मातीचे ढेकूळ घागरीच्या पाण्याने भिजण्याचा आणि मान्सूनचे वारे अरबी समुद्रावरून येण्याचा काही कार्यकारणसंबंध आहे, असे मानण्यास मला कोणताही आधार दिसत नाही, उघड्या शेतात रात्री वारा असतो, मुंग्या असतात, उंदीर असतात, आणि धान्याच्या ढिगाचे दोन दाणे इकडचे तिकडे होण्यास एवढी कारणे पुरेशी आहेत. तथापि हे माझे मत झाले, आणि शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्याच्या वहीत उतरवून देणे म्हणजे शिक्षण नव्हे. संविधानाच्या एक्कावन्न-अ या अनुच्छेदात १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे एक आहे. ते कर्तव्य आपल्या शाळांतून परिपाठाच्या वेळी मोठ्याने म्हणवून घेतले जाते, एवढ्यावरच बहुधा त्याची परिसमाप्ती होते.

भेंडवळची पहाट शिक्षकाला मोलाची आहे ती वेगळ्याच कारणाने. भविष्य सांगणारे सर्वत्र आहेत. पण ज्योतिषी जे सांगतो ते एकाच्या कानात सांगतो, वर्तमानपत्रातील राशिभविष्य बारा ओळींत साऱ्या मानवजातीची वाटणी करते, आणि दोन्हींची रुजवात घालण्याचा मार्ग कोणाजवळ नसतो. येथे तसे नाही. येथे दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, सांगणारा ठरलेला आहे, ऐकणारे हजारो साक्षीदार आहेत, आणि जे सांगितले जाते ते पाऊस पडण्याच्या महिनाभर तरी आधी, महिन्यांच्या व पिकांच्या नावांनिशी सांगितले जाते. तपासता येईल असे जाहीर विधान प्रसंगाच्या आधी करणे, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनात इतकी दुर्मीळ आहे की, ज्या गावाने ती शतकानुशतके चालविली त्याचे ऋण निदान शिक्षकाने तरी मान्य करावे. उणीव आहे ती दुसऱ्या टोकाला. भाकिताची नोंद लोक आठवणीत ठेवतात, आणि आठवण ही मोठी पक्षपाती कारकून आहे. खरे ठरलेले ती ठळक अक्षरांत लिहिते आणि चुकलेले कोऱ्या पानावर सोडते. वर्गाने करावयाचे ते एवढेच, की हे लेखनिकाचे काम आठवणीकडून काढून घ्यावे.

म्हणून शिक्षकाने पहाटे जे ऐकले ते शब्दशः उतरवून आणावे आणि शाळेच्या वहीत दिनांक घालून, मुलांच्या सह्यांनिशी, कायम करावे. येथेच पहिली अडचण येते आणि तीच पहिला धडा आहे. भाकितात एखादे पीक ‘साधारण’ असते, एखादे ‘मोघम’ असते, कोठे पाऊस ‘कमी-अधिक’ असतो. आता सप्टेंबरअखेर जे होईल ते या शब्दांत बसले की नाही हे कोण ठरविणार, आणि केव्हा? मुलांना विचारावे. ती दहा मिनिटे भांडतील, आणि मग त्यांच्याच ध्यानात येईल की, ‘साधारण’ म्हणजे किती हे पाऊस पडण्यापूर्वीच ठरले पाहिजे, नंतर नव्हे. भारतीय हवामान विभाग देशाच्या पावसाचा अंदाज देताना दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसास सामान्य म्हणतो, आणि ती सरासरी १९७१ ते २०२० या काळावरून ८७ सेंटिमीटर धरली आहे. हे आकडे पाठ करण्यासाठी नव्हेत, तर कुंपण आधी घालून मग गुरे मोजावीत, हा न्याय कळण्यासाठी आहेत.

दुसरा धडा गणिताचा, आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. पिके अठरा आणि प्रत्येकाविषयी चांगले, साधारण, कमी अशी तीनच उत्तरे वर्गाने ठरविली, तर काहीही न जाणता चिठ्ठ्या उचलणाऱ्याचीही सरासरीने सहा उत्तरे बरोबर यावयाची. प्रत्येक मुलास अठरा चिठ्ठ्या उचलावयास लावाव्यात आणि त्यांचीही भाकिते घटाच्या भाकिताशेजारी नोंदवावीत. हंगाम संपल्यावर असे दिसेल की, बहुतेकांची पाच-सहा-सात बरोबर आली, काहींची आठ-नऊ आली, आणि चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्याची दहासुद्धा बरोबर निघाली तर त्यात आश्चर्य काही नाही. त्या एका मुलाला त्या दिवशी वर्गाने महाराज म्हणून खुशाल मान द्यावा. पुढच्या वर्षी त्याच्याच चिठ्ठ्या पुन्हा उचलून पाहाव्यात, म्हणजे दैवी अनुग्रह एका वर्षात कोठे जातो ते सर्वांस कळेल. संभाव्यता म्हणून जो विषय पुढे माध्यमिक शाळेत फाशांच्या आणि नाण्यांच्या निर्जीव उदाहरणांनी शिकविला जातो, त्याचे मूळ मुलाच्या मनात इतके खोल रुजविण्याचे दुसरे साधन या जिल्ह्यात तरी मला माहीत नाही. घटाची अठरापैकी सहा उत्तरे बरोबर आली तर ती चिठ्ठ्यांइतकी आली. सातत्याने बारा येऊ लागली, तर मी वर व्यक्त केलेले मत मला बदलावे लागेल, आणि तशी तयारी असल्यावाचून कोणी शिक्षकाने या भानगडीत पडू नये.

पाऊस मोजण्यासाठी फार साहित्य लागत नाही. सरळ बाजूंची बाटली वरून कापून मैदानात, झाडापासून दूर, उघड्यावर ठेवावी आणि रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे वेधशाळा ज्या वेळी मोजतात त्याच वेळी, पट्टीने पाण्याची उंची मोजावी. रुंद बाटलीत पाणी जास्त जमूनही मिलिमीटर तेवढेच का भरतात, हा प्रश्न मुले हटकून विचारतात, आणि तो विचारला की क्षेत्रफळ व घनफळ यांचा पाठ आपोआप सुरू होतो. अडीच मिलिमीटर किंवा अधिक पडला तर तो पावसाचा दिवस. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर सरकारी दप्तरी ती अतिवृष्टी. शाळेची नोंद मंडळाच्या नोंदीशी ताडून पाहावी. दोन्ही जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत हे शोधण्यासाठी मुले शेजारच्या गावच्या शाळेला विचारतील. घाटावर आणि घाटाखाली पाऊस एकसारखा नसतो हे आपण सारे बोलतो, परंतु मेहकर-लोणारची एक शाळा आणि नांदुरा-संग्रामपूरची एक शाळा यांनी चार महिन्यांचे आकडे एकमेकींस पाठविले, तर एकाच भाकिताने दोन्ही बाजूंचे समाधान कसे व्हावे, हा प्रश्न मुलांच्या तोंडून येईल. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत जो प्रलय झाला आणि शेते खरडून गेली, तो ज्यांनी पाहिला त्यांना महिन्याची बेरीज आणि एका दिवसाचा कोप यांतील अंतर वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जुलैचे एकच ढेकूळ ते अंतर कोठून दाखविणार? हीच मर्यादा महिन्याच्या सरासरीलाही आहे, हेही त्याच वेळी सांगावे.

पिकांचा ताळेबंद काढावयाचा तो पालकांकडून. एकरी किती क्विंटल झाले, गेल्या वर्षी किती झाले होते, खामगावच्या बाजारात काय भाव मिळाला, हे मुलांनी घरी विचारून लिहावे. आणि शेवटी महसूल खात्याची पैसेवारी, जिला जुनी माणसे अजून आणेवारी म्हणतात, तीही वहीत उतरवावी. आपल्या विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरच्या सुमारास जाहीर होते, आणि ती पन्नास पैशांच्या खाली की वर यावर गावाच्या सवलती अवलंबून असतात. तलाठी पीक कापणी प्रयोगासाठी शेताचा ठरावीक तुकडा कसा आखतो, हे एकदा बांधावर उभे राहून पाहिलेल्या मुलाला नमुना म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागत नाही. एकाच वहीत घटाचे भाकीत, वेधशाळेचे भाकीत, चिठ्ठ्यांचे भाकीत, बाटलीतला पाऊस, घरचे उत्पन्न आणि सरकारी पैसेवारी अशी पाने लागली, की ती वही कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेहून अधिक वजनाची झाली.

वेधशाळेचे पान मात्र प्रामाणिकपणे भरावे. १८७५ साली हवामान विभाग स्थापन झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात दक्षिणेत व मुंबई इलाख्यात जो दारुण दुष्काळ पडला त्याच्या सावटाखाली विभागाच्या ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधण्यास प्रारंभ केला; ४ जून १८८६ रोजी पहिले नियमित हंगामी भाकीत प्रसिद्ध झाले. पुढे १९०४ ते १९२४ या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वायुभाराच्या नोंदींची आकडेमोड करीत प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराचा झोका शोधून काढला, जो आज एल निनोच्या चर्चेत रोज येतो. एवढे करूनही २००२ साली विभागाने १०१ टक्के पाऊस सांगितला आणि पडला ८१ टक्के. देशात दुष्काळ पडला. येथे भेंडवळचा अभिमानी म्हणेल की, मग फरक काय राहिला? फरक हा की ते दोन्ही आकडे विभागाच्या स्वतःच्या दप्तरात शेजारी शेजारी लिहिलेले आहेत, आणि पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, जुनी पद्धत टाकून नवी आणण्यात आली. मुलांनी विज्ञानाकडून घ्यावयाचे असेल तर यशापेक्षा हे घ्यावे.

एक प्रयोग सुचवितो, पण तो जपून करावयाचा आहे. शाळेच्या आवारात एकाच सायंकाळी तीन ठिकाणी, कापसाच्या काळ्या मातीची व मुरमाड मातीची ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची मडकी ठेवावीत, भोवती धान्याच्या लहान ढिगाऱ्या कराव्यात आणि सकाळी तिन्ही ठिकाणचे निरीक्षण वेगवेगळ्या गटांनी एकमेकांस न विचारता लिहावे. तिन्ही ठिकाणांचे म्हणणे एक आले काय, हा प्रश्न. त्यास घट म्हणू नये, पूजा मांडू नये, भाकीत सांगू नये. ज्या घरचा आजा वर्षानुवर्षे भेंडवळला चालत गेला त्या घरचे लेकरू त्याच वर्गात बसलेले असते, आणि त्याच्या आजाची थट्टा झाली तर ते विज्ञान शिकत नाही, केवळ गप्प बसावयास शिकते. माझ्या माहितीतल्या एका शाळेत असे झाले आहे, आणि पुढे त्या मुलाने सरांना कधीच प्रश्न विचारला नाही. शेतकरी तेथे का जातो हेही सांगितले पाहिजे. मृगाच्या आधी बियाणे घ्यावयाचे, त्यासाठी कर्ज काढावयाचे, कपाशी लावावी की तूर हे ठरवावयाचे, आणि हे सारे आभाळाकडे पाहून. ज्याला निर्णय पुढे ढकलता येत नाही तो कोठे ना कोठे कौल मागणारच, आणि वेधशाळेचा कौल देशाचा असतो, त्याच्या चार एकरांचा नसतो. ही हतबलता ज्याला समजली नाही त्याने भेंडवळवर टीका करू नये.

आणि ती अठरा धान्ये! आजच्या किती मुलांनी भादली पाहिली आहे, लाखेची डाळ कोणी खाल्ली आहे, अंबाडीचे बी कोणाच्या घरात आहे? त्या घटाच्या कडेने जुन्या वऱ्हाडाच्या ताटाची आणि शेताची यादीच मांडलेली असते. परंपरा सुरू झाली म्हणतात त्या काळी सोयाबीन या मुलखास ठाऊक नव्हते. आज जिल्ह्याच्या खरिपात त्याचे राज्य आहे. काय गेले, काय आले, कोणत्या पिढीत आले, हा इतिहासाचा पाठ मुलांनी आजीला विचारून लिहावा. आपल्याच बुलढाण्यातील ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून मोठमोठ्यांना प्रश्न विचारले. प्रश्न विचारण्याची परंपरा या जिल्ह्यात घटाइतकी जुनी नसली तरी नवीही नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक लाभ आहे, तो मी ओघात सांगून टाकतो. भाकीत सांगणारा मनुष्य उघड्या शेतात, समोर दिसणाऱ्या वस्तूकडे बोट दाखवून, ठरलेल्या क्रमाने, थोडक्यात बोलतो आणि हजारो माणसे चूपचाप ऐकतात. आमच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांत परिपत्रक वाचून दाखविले जाते आणि ऐकणारे घड्याळ पाहतात. त्या परिषदेत दर महिन्यास एका शिक्षकाने आपल्या वर्गाची ती वही हाती घेऊन दहा मिनिटे बोलावे, दुसऱ्याने तिच्यातील चूक दाखवावी, आणि गावकऱ्यांनाही ऐकावयास बोलवावे. बैठक सायंकाळी ठेवली तर शेतावरून परतलेली माणसे येतील.

अडचणी मला ठाऊक आहेत. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते, तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात वा सुट्टी लागलेली असते. आणि विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांहून उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडत असल्याने जूनचा पाऊस बाटलीत पडण्याआधीच वाहून गेलेला असतो. त्याची तोड इतकीच की, शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांकडे सुट्टीत ती बाटली सोपवावी. मुले असे काम आनंदाने करतात. दुसरी अडचण आपल्याच कचेरीची आहे, आणि ती मी स्पष्ट लिहितो याबद्दल राग नसावा. चांगली कल्पना एकदा उपक्रम झाली की तिचे छायाचित्र मागितले जाते, लिंक भरावी लागते, दुपारी तीनपर्यंत अहवाल द्यावा लागतो, आणि मग पाऊस पडो न पडो, बाटलीत तो नियमित भरू लागतो. तेव्हा कृपा करून यासंबंधी फर्मान काढू नये, उद्दिष्ट ठरवून देऊ नये, स्पर्धा व प्रमाणपत्र तर मुळीच ठेवू नये. १ मे १९६२ पासून या जिल्ह्याच्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या हवाली आहेत. इतक्या वर्षांत पुष्कळ हुकूम निघाले, थोड्या अनुमती निघाल्या.

माझी विनंती एका अनुमतीपुरती आहे. घाटाखालच्या आणि घाटावरच्या मिळून ज्या कोणा शिक्षकांना स्वेच्छेने यावयाचे असेल त्यांना येत्या अक्षय्य तृतीयेच्या रात्री भेंडवळला कर्तव्यार्थ उपस्थित समजावे, त्यांच्या शाळांच्या नोंदवह्या डिसेंबरअखेर पैसेवारी लागल्यानंतर एकदा जळगाव जामोद येथे भेंडवळच्या ग्रामस्थांसमक्ष वाचल्या जाव्यात, आणि त्या वाचनास वाघ घराण्यातील मंडळींनाही सन्मानाने निमंत्रण जावे. आपला होकार लेखी आला तर उत्तम. तोंडी आला तरी चालेल, पण तो मार्चअखेर यावा, म्हणजे बाटल्या वेळेवर कापता येतील.



आपला विश्वासू,
जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक